सत्कारात मोडलेला पाय

माझ्या पायांना दोन मालक होते. एक जिमखान्याचे सर आणि दुसरे परेडचे सर. दोघांचं आपापसात पटत नव्हतं, हे साताऱ्यातल्या आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि दोघांनाही मीच हवी होते.

जिमखान्याचे सर म्हणायचे, पळताना टाच जमिनीला लावायची नाही. पाय मांजरासारखा पडला पाहिजे. आवाज आला की समज, चुकतंय. हे सकाळी, यवतेश्वरच्या घाटात. परेडचे सर एरवी भूगोल शिकवायचे आणि आठवड्यातले दोन दिवस खाकी घालून छात्रसेनेचे अधिकारी व्हायचे. ते म्हणायचे, गुडघा कमरेपर्यंत वर, आणि टाच अशी आपट की प्राचार्यांच्या केबिनची काच थरथरली पाहिजे. हे दुपारी, डांबरी मैदानावर, नाल मारलेल्या बुटात. सकाळी ज्याला चूक म्हणायचे त्यालाच दुपारी शाबासकी. माझ्या नडग्यांनी तीन वर्षं दोघांचंही ऐकलं.

हॉस्टेलच्या खोलीतली मैत्रीण सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याची मुलगी. लांब उडी मारायची. दिवस मावळायच्या आत ती जेवायची, आणि मी नेमकी त्याच वेळी मैदानावर असायचे, म्हणून माझी भाकरी ताटाखाली झाकून ठेवायची. मी नडगीवर बर्फ धरून बसले की ती म्हणायची, "तुझे पाय तुझ्या नावावर आहेत का गं? एकदा सातबारा काढून बघ."

मधल्या वेळात मी बी.ए.चं तिसरं वर्ष करत होते, राज्यशास्त्र घेऊन. पहिल्या तासाला शेवटच्या बाकावर ओल्या केसांनी झोपायचे, दुपारचे तास परेडमध्ये बुडायचे, आणि चाचणीच्या दिवशी हमखास दोघांपैकी एका सरांचं काहीतरी निघायचं. राज्यशास्त्राच्या मॅडम एकदा भर वर्गात म्हणाल्या, "तू देशासाठी पळतेस, देशासाठी चालतेस. देशाची घटना कधी वाचणार?" वर्ग हसला. मीही हसले. आज हसू येत नाही. कुणी बोलावलं की जायचं, हे मी शिकले होते. नाही म्हणायचं असतं, हे कुठल्याच तासाला शिकवत नव्हते. बुडलेल्या तासांना शिकवलं असेल तर मला माहीत नाही.

आमचं गाव म्हसवडपासून आत. पाऊस कमी, ज्वारी-बाजरी, हल्ली डाळिंब, आणि घरटी एक माणूस लष्करात. आजोबा शिपाई म्हणून गेले, नाईक होऊन परतले. आबा, म्हणजे माझे वडील, हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यापुढं आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. अधिकारी म्हणजे ज्याला आपण सॅल्यूट ठोकायचा तो. तो आपल्या गल्लीत जन्माला येत नसतो, असा गावाचा पक्का समज. छात्रसेनेतून अधिकारी होण्याच्या मुलाखतीला माझा नंबर लागला तेव्हा आबा चार दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत. त्यांना भीती होती ती माझ्या इंग्रजीची.

"त्ये लोक जेवताना बी इंग्रजीच बोलत्यात," ते म्हणाले. "तू जेवताना काय बोलशील?"

"जेवताना मी जेवीन, आबा."

"हां. त्येच बरं."

शरीराबद्दल मात्र कुणालाच शंका नव्हती. आमच्यात शरीरावर शंका घेतच नाहीत. मेडिकलला नापास होतात ती शहरातली चष्मेवाली पोरं, असं आम्ही धरून चालतो. आणि मी तर विद्यापीठाच्या मैदानावर पळणारी.

निवड मंडळाची मुलाखत पाच दिवस चालते आणि शेवटच्या दिवशी निकाल लागतो. आमच्या गटातून ज्या थोड्यांची शिफारस झाली त्यात मी होते. आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं इथंच बिघडलं. शिफारस म्हणजे निवड नाही. शिफारशीनंतर लष्करी इस्पितळात तपासणी होते, ती पार पडली की गुणवत्ता यादी लागते, यादीत नाव आलं तर अकादमीचं बोलावणं. आबांना हे सांगायची गरज नव्हती. तरी मी फोनवर सांगितलं.

"मेडिकल राहिलंय, आबा."

"त्येचं काय एवढं? तू पळणारी पोरगी." आणि त्यांनी फोन शेजारी उभ्या असलेल्या सरपंचांच्या हातात दिला.

मी इस्पितळात रांगेत उभी होते तेव्हा फोनवर फोटो आला. म्हसवडच्या स्टँडसमोर माझा फ्लेक्स. डोकं माझं, धड कुणा दुसऱ्याच बाईचं. त्या धडाच्या खांद्यावर तारे होते. 'आमची लेक झाली लेफ्टनंट.' खाली शुभेच्छुकांचे चेहरे, त्यातले दोन माझ्या चेहऱ्यापेक्षा मोठे.

दुसऱ्या दिवशी लष्करी डॉक्टरीणबाईंनी माझ्या डाव्या नडगीवर अंगठा दाबला. मी तोंडातून आवाज काढला नाही, पण पाय आपोआप मागं गेला. मग फोटो काढले, मोठ्या यंत्रात घातलं. हाडाला केसाएवढा तडा. तात्पुरती अपात्र. दीड महिन्यानं अपिलाचा बोर्ड, तेव्हा हाड भरलेलं दिसलं तर पात्र. तोवर पळायचं नाही, उडी मारायची नाही, टाच आपटायची नाही. बाई हिंदीत म्हणाल्या, तरुण आहेस, नुसती बसून राहिलीस तरी भरून येईल.

नुसतं बसून राहायचं. आयुष्यात मला एवढं सोपं काम कुणी दिलं नव्हतं. परतीच्या गाडीत मी खिडकीत बसून चक्क खूश होते. म्हटलं, दीड महिना आईच्या हातचं खाऊ, राहिलेला अभ्यास करू, बोर्डाला जाऊ, सुटलं.

म्हसवडच्या स्टँडवर उतरले तर हलगी. उघडी जीप, झेंडूच्या माळा, फेटे बांधलेली माणसं. आबांच्या डोक्यावरही केशरी फेटा, एका कानावर जरा खाली आलेला. मी त्यांचा हात धरून उसाच्या रसाच्या गाड्यामागं नेलं.

"आबा, मेडिकलला थांबवलंय."

चेहऱ्यावरचं हसू होतं तिथंच राहिलं, फक्त डोळे बदलले. "कशात?"

"नडगीत. बारीक तडा हाय. दीड म्हैना गप बसायला सांगितलंय, मग परत बोर्ड."

"मग बसंल न्हवं हाड?"

"बसंल. पर आजिबात आपटायचं न्हाई."

तेवढ्यात सरपंच आले. "आवं हवालदार, बापलेकीचं गुलूगुलू घरी गेल्यावर बोला की. हलगीवाल्याचं हात दुखाय लागलं."

आबांनी जीपकडं पाहिलं. माळा, माणसं, मोबाईल वर धरलेले हात. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आता ह्यास्नी काय सांगायचं? दीड म्हैन्यात बसतंयच. चढ गाडीत."

माझे वडील वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं. हल्ली विद्यार्थी संघटनेच्या पत्रकात आम्ही लिहितो, जबाबदार कोण, आणि पुढं टिंब टिंब सोडून एक नाव टाकतो. इथं टाकायला नाव नाही. त्या स्टँडवर एकही माणूस असा नव्हता ज्याला माझं वाईट व्हावंसं वाटत होतं.

शाळेच्या मैदानावर स्टेज होतं. मला छात्रसेनेचा गणवेश घालायला लावला. सूत्रसंचालन करणारे मास्तर माइकवर म्हणाले, ज्या बापानं उभा जन्म साहेबांना सॅल्यूट केला, तो बाप आज आपल्या लेकीला सॅल्यूट करील. हे कुणी ठरवलं होतं मला माहीत नाही. आबांनाही माहीत नसावं. पण माइकवर बोललं गेलं की ते झालंच पाहिजे. ते फेटा सारखा करून पुढं आले, ताठ झाले, गुडघा उचलून टाच आपटली आणि सॅल्यूट केला. साठीला टेकलेला माणूस, पण टाच वाजली. त्यांना माहीत होतं मी अजून कुणी नाही. मलाही माहीत होतं. आम्ही दोघं सोडून सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

सॅल्यूटला सॅल्यूट द्यावा लागतो. पुढच्या खुर्च्यांवर सगळे माजी सैनिक होते. टाच हळू टेकली असती तर त्यांना कळलं असतं, आणि आबांना खाली बघावं लागलं असतं. मी टाच आपटली. कळ नडगीतून निघून थेट दाढेत गेली. आवाज झाला तेव्हा आबांची पापणी लवली आणि डोळ्यांत पाणी आलं. गावाला तो आनंद वाटला. त्या व्हिडिओला कुणीतरी गाणं लावलंय. मी तो आवाज बंद करूनसुद्धा पाहू शकत नाही.

मग सुरूच झालं. हायस्कूल, सोसायटी, तरुण मंडळ, शेजारच्या गावाची ग्रामपंचायत. शाल, श्रीफळ, फेटा, दोन शब्द, आणि दोन शब्दांनंतर ठरलेलं: "मॅडम, आमच्या पोरींना जरा सावधान-विश्राम करून दाखवा." मी म्हणायचे, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. एका मुख्याध्यापकांनी मला पाठीवर थोपटून उत्तर दिलं, "अकादमीत कुठली आलीय विश्रांती? आत्तापासूनच सवय करा." खरं कारण सांगायची सोय नव्हती. तडा म्हटलं की तात्पुरती अपात्र म्हणावं लागलं असतं, आणि ते म्हटलं की स्टँडसमोर एवढा मोठा फ्लेक्स खोटा.

कराडजवळच्या मलकापूरला एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची दौड होती. मी झेंडा दाखवायचा एवढंच ठरलं होतं. झेंडा दाखवला तर आयोजक म्हणाले, "बाजूला काय उभं राहता? फोटोपुरतं चार पावलं पळा की आमच्याबरोबर." फोटोवाला मोटारसायकलवर उलटा बसून पुढं पुढं जात राहिला आणि चार पावलं पुढच्या चौकापर्यंत लांबली.

त्या दिवशी घरी आल्यावर आईनं माझा बूट काढला. नडगी लाल झाली होती. ती आबांना म्हणाली, "आवं, तिचा पाय म्हंजे नारळ हाय व्हय? ज्यो येतोय त्यो फोडून जातोय."

"ह्यो शेवटचा," आबा म्हणाले. "परवाचा तेवढा एक हाय. शब्द दिलाय."

मी हॉस्टेलला पळून आले. पळून म्हणजे एसटीनं. म्हटलं, कॉलेजात तरी लोक शिकलेले आहेत.

दोन्ही सरांना मी कागद दाखवले, तडा दाखवला. जिमखान्याचे सर हळहळले. "तरी मी सांगत होतो. त्या टाचा आपटण्यानंच पाय गेला तुझा. परेड आजपासून बंद. आपली सांगलीची क्रॉसकंट्री तेवढी कर, नाव गेलंय." परेडचे सर त्याहून जास्त हळहळले. "पळून पळून हाड झिजवलंस. पळणं बंद म्हणजे बंद. कॉलेजच्या वर्धापनदिनाला तुकडी तेवढी तुझ्या हाताखाली ठेवू, बाकी पूर्ण आराम." दोघांनाही माझी खरोखर काळजी होती. फक्त माझी विश्रांती प्रत्येकानं दुसऱ्याच्या वाट्यातून काढून दिली.

प्राचार्यांकडं गेले. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "तू आता आमची राहिली नाहीस. देशाची झालीस." मी म्हटलं, सर, मग कॉलेजचं पत्र द्या की या दीड महिन्यात मला कशालाही बोलवू नये. ते म्हणाले, असं पत्र देता येत नाही, प्रथा नाही. चहा चांगला होता.

परेड मी सोडली. वर्धापनदिनाला खोलीत कडी लावून बसले आणि त्याबद्दल परेडचे सर माझ्याशी बोलायचे बंद झाले. राहिली सांगली.

क्रॉसकंट्रीत संघ धरायला चौघींनी शर्यत पूर्ण करावी लागते. आमच्या संघातल्या दोघी तापानं पडल्या. मी धरून चौघीच उरलो. त्यातल्या एकीचं इंग्रजी दोनदा राहिलं होतं. संघाला क्रमांक मिळाला तर खेळाचे वाढीव गुण मिळणार, ते मिळाले तर ती पास होणार, आणि पास झाली नाही तर उन्हाळ्यात तिचं लग्न लावून देणार होते. ती माझ्या खोलीत आली, पलंगाच्या कडेला टेकली. पायाबद्दल एक अक्षर बोलली नाही. उठून माझी पाण्याची बाटली भरून आणली आणि गेली.

मैत्रीण म्हणाली, "जायचं नाहीस. ऐक माझं. तिचं लग्न मी मोडते, हवं तर मुलाकडच्यांना जाऊन सांगते मुलगी घोरते म्हणून."

जिमखान्याचे सर म्हणाले, "पळू नको. चालत पूर्ण केलीस तरी धरतात. शेवटून पहिली ये."

चालत. डॉक्टरीणबाईंनी चालू नको असं म्हटलं नव्हतं. मी गेले.

सांगलीच्या बाहेर, नदीकाठच्या उसाच्या रानातून वाट आखली होती. काळी माती, मऊ. मी खरंच चालत होते. सगळ्या पुढं गेल्या, मी एकटी मागं, बांधावरची म्हातारी माणसं विचारत होती, "बाळ, चुकलीस काय गे?" मला छान वाटत होतं. बऱ्याच दिवसांत मी पहिल्यांदा कुणाच्याही ताब्यात नव्हते.

मैदान दिसायला लागलं आणि माइकवर माझं नाव आलं. आपल्यामध्ये आहेत भावी लेफ्टनंट, पायाला दुखापत असतानाही जिद्दीनं, वगैरे. सरांनीच सांगितलं असणार, प्रेमानं. बसलेलं सगळं मैदान उठलं. टाळ्या. "मॅडम, पळा." "लेफ्टनंट, पळा की." तिथंही सत्कार येऊन पोहोचला होता. इतकी माणसं तुमच्यासाठी उभी राहून टाळ्या वाजवत असताना चालत येणं किती अवघड असतं, हे ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल. माझे पाय पळायला लागले. त्यांना दुसरं काही शिकवलंच नव्हतं. शेवटाला पाण्याचा पाट होता, सगळ्या उडी मारून येत होत्या. मीही मारली.

वाळलं कांडं मोडावं तसा आवाज झाला. उरलेलं अंतर एका पायावर गेले. कुणी हात लावला असता तर बाद धरलं असतं, म्हणून माझ्याबरोबर सांगलीला आलेली मैत्रीण शेजारून दोन्ही हात पाठीमागं बांधून चालत होती आणि मोठ्यानं रडत होती. संघ धरला गेला, आणि पूर्ण संघ तीनच असल्यानं क्रमांकही मिळाला. ती मुलगी पास झाली, आज पोलीस भरतीची तयारी करते. तिच्यावर माझा काडीचा राग नाही.

सांगलीच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. तडा आरपार गेला होता. आबा आणि आई विट्याला गाडी बदलून दुपारी पोचले. आई माझ्या उशाशी बसली. आबा पायथ्याशी उभे राहिले आणि प्लास्टरकडं बघत राहिले.

"बोर्ड कवा हाय?"

"फुडच्या आठवड्यात."

मग आत आलेल्या नर्सला त्यांनी हळू आवाजात विचारलं, "सिस्टर, ह्ये पँटीच्या आत मावंल का वं?"

उमेदीची सगळी वर्षं लष्करात काढलेला माणूस हे विचारत होता. नर्सला प्रश्न कळला नाही. मी तोंड भिंतीकडं केलं.

बोर्डाला गेले नाही. गुणवत्ता यादी माझ्याविना लागली. वर्षानं पाय पूर्ण बरा झाला, पुन्हा अर्ज केला, पुन्हा मुलाखतीला गेले, आणि या वेळी शिफारसच झाली नाही. का, ते सांगत नाहीत. मला वाटतं, पहिल्यांदा गेले तेव्हा मला हरणं माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा ते चेहऱ्यावर दिसलं असेल.

आता मी सांगलीत असते, त्याच मैत्रिणीबरोबर खोली करून. एम.ए. करते आणि एका विद्यार्थी संघटनेसाठी पत्रकं लिहिते, कॉलेजांच्या फाटकांवर उभी राहून वाटते. जखमी खेळाडूला हजेरीची सूट द्या. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर मैदान, परेड, सत्कार, सगळं बंद ठेवा. विश्रांती हा हक्क आहे. मुलं पत्रक घेतात, घडी करून त्यावर चिंच-आवळा खातात. चालायचंच. काही वाचतातही.

पण गावात मी अजून ट्रेनिंगलाच होते. आबांनी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. "गेली अकादमीत," एवढंच. त्यामुळं मला घरी जाता येईना. अकादमीतली पोरगी ऊठसूट गावाकडं कशी येईल? दोन वर्षं आई मला कराडच्या स्टँडवर भेटायची. चटणी, भाकरी आणि भावकीतल्या बातम्या पिशवीतून आणायची, बाकड्यावर शेजारी बसून माझी नडगी चाचपायची आणि पुढच्या एसटीनं परत जायची. फोनवर मी आबांना म्हणायचे, "सांगून टाका आता."

"सांगतो. डाळिंबाचा तोडा हुं दे."

तोडा झाला. मग लग्नसराई. मग आणखी काही.

गेल्या मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाला मी न विचारता निघून गेले. ठरवलं होतं, पहिला जो विचारील त्याला खरं सांगायचं. कॉलेजच्या फाटकावर शंभर पोरांसमोर प्राचार्यांना जाब विचारणारी मी. म्हसवडच्या गर्दीत, गुलालात, पहिला माणूस पुढं आला आणि मी तोंड उघडायच्या आत आबा बाजूनं म्हणाले, "सुट्टीवर आलीया." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या दिवशी ते वाक्य किती जणांना सांगितलं गेलं, आणि मी प्रत्येक वेळी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विट्याच्या एसटीत शेजारी गावातलेच एक काका येऊन बसले. निवृत्त नाईक, आबांच्या वयाचे. रोज सकाळी देवळाच्या ओट्यावर दोघं एकत्र बसतात.

"निघाल्या का साहेब ड्युटीवर?"

मला एकदम असह्य झालं. "न्हाई काका. मी लष्करात न्हाई. कवाच नव्हते. पाय मोडला तवाच समदं संपलं."

काकांनी तंबाखू मळत खिडकीबाहेर बघितलं. "म्हाईत हाय."

"कुणाला?"

"समद्यास्नी. सांगलीत पाटात पडलीस तवाच कळलं की. सरपंचाचा पुतन्या हुता न्हवं तितं."

"मग एवढ्या दिसात कुणी बोललं का न्हाई?"

"बोलून काय करायचं? हवालदार सांगतोय, पोरगी ट्रेनिंगला हाय. पोरीचा फोन आल्ता. पोरगी सुट्टीवर येनार. आमी म्हनलं, त्येला वाटतंय ना आमाला ठावं न्हाई, मग वाटू दे. रोज सकाळी एकजन इचारतो, साहेब काय म्हनत्यात? त्येचाबी दिस बरा जातो, आमचाबी जातो." त्यांनी तंबाखू ओठाखाली धरली. "आमाला ठावं हाय म्हनून तू बोलली न्हाईस न्हवं त्येला?"

"मलाच आत्ता कळतंय."

"मग ऱ्हाऊ दे."

एसटी चालत होती. मला संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. अख्खं गाव दोन वर्षं एक गोष्ट पोटात ठेवू शकतं. पोरासोरांपासून सगळे. एका म्हाताऱ्याचं मन दुखू नये म्हणून एवढी माणसं रोज सकाळी न चुकता, न हसता, खोटं विचारू शकतात. एवढी माया, एवढी शिस्त. मग याच माणसांना दीड महिना मला नुसतं बसू देता आलं नसतं का? एकानंही म्हटलं असतं, पोरगी दमलीय, सत्कार नंतर बघू, तर हाड बसलं असतं. मी काकांना हे विचारलं नाही. ते डुलकी काढत होते आणि वळणावर त्यांचा खांदा माझ्यावर येत होता.

विट्याच्या स्टँडवर गाडी बदलताना आबांचा फोन आला.

"पोचलीस का?"

"विट्यात हाय."

"देवळात इचारत हुती समदी. साहेब गेल्या का म्हनून."

"तुमी काय सांगितलं?"

"गेल्या म्हनलं. ड्युटी हाय."

सांगलीची गाडी फलाटाला लागत होती, माणसं दाराकडं धावत होती. ते फोनवर थांबले होते, मी काहीतरी म्हणावं म्हणून.

"बरं केलंत, आबा," मी म्हटलं.